देवगिरीचे ताल आणि छावणीतलं स्वप्न

(लाटंबार्से येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते मास्तर क्लॅरिओनेट वाजवायचे. वरातीत वाजवायचे, आणि जत्रेच्या नाटकात पायपेटीच्या उजव्या बाजूला बसूनही वाजवायचे. माझ्या बोटांना त्या वाद्याची भोकं त्यांनीच दाखवली. म्हणून यंदा मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही. क्लॅरिओनेट आणि पियानो एकत्र वाजतात अशा, चार-दोन माणसांनी खोलीत बसून वाजवायच्या संगीताबद्दल मी बोलणार आहे. त्यातही जे संगीत स्वप्नातून आलं, किंवा स्वप्नासारखं वाजावं म्हणून लिहिलं गेलं, त्याबद्दल.

पियानो आपल्या गावात नाही. पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीत, साष्टीत आणि बार्देशात, चर्चच्या शाळांमधून पोरांना सोल्फा शिकवला गेला. व्हायोलिन घरोघरी गेलं, मोठ्या घरांच्या दिवाणखान्यात पियानो आला. डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगीजांकडे आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. इथे देवळाचा चौघडा होता, घुमट-शामेळ होतं, दशावतार होता. पाश्चात्त्य वाद्यांपैकी क्लॅरिओनेट आमच्यापर्यंत पोचलं ते बँडाबरोबर, रस्त्यावरून चालत. पियानोला चालता येत नाही, तो तिकडेच राहिला. पण पायपेटी आपल्याकडे आहे, आणि पायपेटीशेजारी क्लॅरिओनेट कसं वाजतं हे इथल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक माणसाच्या कानात आहे.

ते कानात कसं शिरलं, हे आधी आठवूया. आपण लहान होतो. दशावतार रात्री उशिरा सुरू व्हायचा. आईने चटई अंथरलेली असायची, अंगावर तिचं जुनं लुगडं. संकासुर येऊन जाईपर्यंत डोळे ताणून धरायचे, पुढे झोप अनावर व्हायची. पण कान झोपत नसत. पखवाजाची थाप, झांजेची किणकिण, पेटीचा भाता, हे सगळं झोपेत झिरपत राहायचं आणि आतल्या स्वप्नात मिसळून जायचं. पहाटे युद्धाचा प्रसंग आला की दचकून जाग यायची आणि क्षणभर कळायचं नाही, आपण ऐकतोय ते समोरचं की आतलं. मी मोठेपणी पॅरिसच्या आणि व्हिएन्नाच्या संगीताबद्दल खूप वाचलं. पण स्वप्न आणि संगीत यांचं नातं मला पहिल्यांदा कळलं ते त्या चटईवर. तो पहाटेचा तीन-चारचा प्रहर लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आता वाद्याकडे वळतो. क्लॅरिओनेट तसं तरुण वाद्य. इसवी सन १७०० च्या आसपास न्यूरेम्बर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराने ते घडवलं. सनईशी ते दिसायला जवळचं, स्वभावाने दूरचं. सनईची नळी वरून खाली रुंदावत जाते आणि तिला दुहेरी पत्ती असते. क्लॅरिओनेटची नळी जवळपास सगळीकडे सारख्या व्यासाची, आणि मुखाशी बोरूच्या जातीच्या गवताची एकच रीड. एवढ्या फरकाने काय होतं पाहा. सनईत फुंकीचा जोर वाढवला की षड्ज वरच्या षड्जावर जातो. क्लॅरिओनेटमध्ये तो वरच्या सप्तकाच्या पंचमावर उडी घेतो. खालच्या पट्टीत त्याचा आवाज पोकळ, विहिरीतून आल्यासारखा लागतो, कारण त्या स्वराच्या पोटातले एकाआड एक उपस्वर जवळजवळ गैरहजर असतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की क्लॅरिओनेट शून्यातून सुरू होऊ शकतं. सनई पहिल्या क्षणीच सांगते, मी आले. क्लॅरिओनेटवर चांगला वादक स्वर असा काढतो की तो कधी सुरू झाला हे शेजारच्यालाही सांगता येत नाही. आधी खोलीत काही नसतं, मग काहीतरी आहेसं वाटतं, मग ते स्वर आहे हे कळतं. झोप लागताना नेमकं कधी लागली हे जसं सांगता येत नाही, तसंच. पियानोचं अगदी उलट. हातोडी तारेवर पडली, ठोका झाला, की त्याच क्षणापासून तो स्वर विझायला लागतो. कितीही मोठा पियानो असो, एकदा वाजवलेला स्वर फुगवता येत नाही. म्हणजे एकाचा स्वर उगवत असतो आणि दुसऱ्याचा मावळत असतो. ही दोन वाद्यं एका खोलीत आणली की झोप आणि जाग यांच्यातली ती चिंचोळी जागा आपोआप तयार होते. संगीतकारांना हे फार लवकर कळलं.

शुमानने १८४९ च्या फेब्रुवारीत दोनच दिवसांत क्लॅरिओनेट आणि पियानोसाठी तीन छोटे तुकडे लिहिले. आधी त्यांना संध्याकाळच्या बैठकीचे तुकडे अशा अर्थाचं नाव दिलं होतं, मग बदलून कल्पनाचित्रं म्हटलं. ते एकमेकांत न थांबता वाहत जातात, एका स्वप्नातून दुसऱ्यात गेल्यासारखे. देब्युसीने १९०९ च्या अखेरीस पॅरिसच्या संगीतशाळेतल्या परीक्षेसाठी या जोडीचीच एक रॅप्सडी लिहिली. परीक्षेचा तुकडा म्हणजे बोटांची कसरत असणार असं आपल्याला वाटतं. पण पानावर अगदी वर त्याने वादकाला सूचना लिहिली आहे ती स्वप्नाळू संथपणे वाजव अशी. परीक्षकांसमोर घाम फुटलेल्या मुलाला स्वप्नात असल्यासारखं वाजवायला सांगणं, याहून कठीण कसोटी मला तरी सुचत नाही.

पण स्वप्नासारखं लिहिणं वेगळं आणि स्वप्नातून मिळणं वेगळं. इथे मला आपला शब्द हवा आहे: दृष्टांत.

आपल्या भागात कुठल्याही देवळाची गोष्ट विचारा, बहुतेक वेळा ती दृष्टांताने सुरू होते. देव कोणाच्या तरी स्वप्नात येतो आणि सांगतो, अमक्या झाडाखाली मी आहे, मला वर काढ. ही गोष्ट सांगताना आपण स्वप्नावर थांबतो, हात जोडतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. सकाळी उठून कुदळ घ्यावी लागते. झाड कोणतं हे ओळखावं लागतं. उकरावं लागतं, मूर्ती सापडली तर धुवावी लागते, बसवावी लागते आणि पुढे पिढ्यानपिढ्या तिची पूजा करावी लागते. दृष्टांत एका रात्रीचा असतो.

तुकोबांचं पाहा. पांडुरंगाला सोबत घेऊन नामदेव स्वप्नात आले आणि कवित्व करायला सांगून गेले, हे तुकोबांनी स्वतःच सांगितलं आहे. गुरूचा उपदेशही त्यांना स्वप्नातच मिळाला. पण गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. ते सगळे काही त्या एका रात्री मिळाले नाहीत. ते जागेपणी, भांडून, रडून लिहिले आहेत.

इटलीच्या तार्तिनीची गोष्ट याच जातीची आहे. सैतान त्याच्या स्वप्नात येऊन व्हायोलिन वाजवून गेला. उठल्याबरोबर त्याने ते पकडायचा प्रयत्न केला आणि जे हाती लागलं ती त्याची सर्वांत गाजलेली रचना झाली. पण स्वप्नात ऐकलेल्याच्या पुढे ही काहीच नव्हे, ही रुखरुख त्याला आयुष्यभर राहिली. आणि शुमान, ज्याचं मी आता नाव घेतलं, १८५४ च्या फेब्रुवारीत अंथरुणातून उठला आणि देवदूतांनी सांगितलेली एक चाल त्याने लिहून काढली. काही दिवसांनी त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. वाचला, पण उरलेलं आयुष्य मनोरुग्णांच्या इस्पितळात गेलं. देवदूतांची ती चाल आज आपण पाहतो तेव्हा लक्षात येतं की ती त्याच्याच आदल्या वर्षीच्या व्हायोलिन कन्चेर्तोतल्या चालीच्या अगदी जवळची आहे. बिचाऱ्याला ती ओळखता आली नाही. मला ही हकीकत फार जवळची वाटते. त्याने जन्मभर जे घोटलं होतं, तेच रात्री अनोळखी होऊन त्याच्याकडे आलं होतं.

आता माझ्या मुख्य गोष्टीकडे येतो. ती आपल्याला वाटते त्याहून आपल्या जवळची आहे.

१९४० सालचा जून. फ्रान्स पडला. नॅन्सी शहराजवळ जर्मन फौजेने हजारो फ्रेंच सैनिक पकडले. त्यांत ऑलिव्हिए मेसियाँ नावाचा एकतीस वर्षांचा संगीतकार होता, एतिएन पास्किये हा चेलोवादक होता आणि आन्री आकोका हा क्लॅरिओनेटवादक. आकोकाजवळ त्याचं वाद्य होतं. उघड्या माळावर कैद्यांचा तळ पडलेला असताना मेसियाँने त्याच्यासाठी एकट्या क्लॅरिओनेटचा एक तुकडा लिहिला. कागद ठेवायला काही नव्हतं, म्हणून पास्किये कागद धरून उभा राहिला आणि आकोकाने तो तिथेच वाजवून पाहिला. हे वाजवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे अशी त्याने तक्रारही केली म्हणतात.

पुढे त्यांना सायलेशियातल्या ग्योरलित्झच्या छावणीत नेलं. थंडी, उपासमार. कार्ल-आल्बर्ट ब्रूल नावाचा एक जर्मन पहारेकरी संगीताचा भुकेला निघाला. त्याने मेसियाँला कागद आणि पेन्सिली दिल्या, लिहायला एकांत दिला. ज्याँ ल बूलेर हा व्हायोलिनवादकही त्याच छावणीत सापडला. अशा रीतीने व्हायोलिन, क्लॅरिओनेट, चेलो आणि पियानो ही चौकडी जमली. ती कोणी ठरवून जमवली नव्हती, जे कैदेत होते त्यांतूनच झाली. 'काळाच्या अंतासाठी चौकडी' ही आठ भागांची रचना १५ जानेवारी १९४१ ला छावणीच्या बराकीत वाजली. मोडक्या पियानोवर स्वतः मेसियाँ होता.

या रचनेत स्वप्न कुठे आहे? सातव्या भागात बायबलातला देवदूत येतो, डोक्यावर इंद्रधनुष्य घेऊन. प्रस्तावनेत मेसियाँ लिहितो की आपल्या स्वप्नांत स्वरसंघ आणि चाली रंगांसकट ऐकू येतात आणि दिसतात, आधी ओळखीच्या, नीट लावलेल्या, आणि मग त्यांच्या पलीकडचं काही फिरू लागतं. छावणीतल्या उपासमारीने आपल्याला रंगीत स्वप्नं पडायची, असंही त्याने पुढे सांगितलं. पोटात अन्न नसताना इंद्रधनुष्य दिसणं याला आपण दृष्टांत म्हणू, डॉक्टर आणखी काही म्हणतील. मला महत्त्वाचा वाटतो तो त्या प्रस्तावनेतला क्रम. आधी ओळखीचं येतं. त्या ओळखीच्यात काय काय होतं?

पहिला भाग ऐका. मेसियाँने त्याची वेळ लिहून ठेवली आहे: पहाटेचे तीन ते चार, पक्षी जागे होण्याची. आपला चटईवरचा प्रहर तोच. क्लॅरिओनेटवर एक काळा पक्षी गातो, व्हायोलिनवर नाइटिंगेल. त्यांच्याखाली पियानो २९ स्वरसंघांची एक माळ फिरवत राहतो. पण त्यांच्या लांबी-आखूडपणाची माळ वेगळी, १७ मोजमापांची. २९ आणि १७ यांना एकाखेरीज सामायिक विभाजक नाही. म्हणून पहिला स्वरसंघ पुन्हा पहिल्या मोजमापावर यायला ४९३ ठोके पडावे लागतात, आणि तोपर्यंत तो भाग केव्हाच संपून गेलेला असतो. सम येतच नाही. काळाचा अंत हा त्याने असा हिशेबाने लिहिला. ज्यांनी खाप्रूमाम पर्वतकरांबद्दल ऐकलं आहे, एका हाताने एक ताल, दुसऱ्याने दुसरा, पायाने तिसरा असा धरणारा आपल्याच गोमंतकातला तो लयभास्कर, त्यांना हा खेळ समजावून सांगायला नको. खाप्रूमाम सम गाठून दाखवायचे. मेसियाँने ती गाठायचीच नाही असं ठरवलं होतं.

आणि ती १७ मोजमापं कुठली? तीन तालांची. रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश.

हे शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तले देशी ताल आहेत. शार्ङ्गदेवाचे आजोबा काश्मीरमधून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या पदरी होते, आणि तो स्वतः तेराव्या शतकात देवगिरीला सिंघण यादवाच्या राज्यात जमाखर्चाच्या कामाचा प्रमुख होता. दिवसभर राज्याचा हिशेब पाहणाऱ्या माणसाने सात अध्यायांत सगळं संगीत मोजून लिहिलं. पाचव्या अध्यायात १२० देशी ताल आहेत. सातेकशे वर्षांनी पॅरिसमध्ये लाव्हिन्याकच्या संगीतकोशात भारतावरच्या लेखात ती यादी छापली गेली. विद्यार्थिदशेत मेसियाँला ती सापडली आणि त्याने ती पाठ केली, वर्षानुवर्षं घोटली.

चंद्रकला कसा आहे ते हाताने करून पाहूया. लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन, प्लुत म्हणजे तीन. तीन गुरू, तीन प्लुत, मग एक लघू. दोन, दोन, दोन. तीन, तीन, तीन. एक. बेरीज सोळा येते, आपल्या त्रितालाइतकीच, पण चाल किती निराळी! आधी समान पावलं, मग तीच पावलं दीडपट लांब, आणि शेवटी एक छोटा ठोका. चंद्राची कला वाढत जाते तशी मोजमापं वाढतात. मेसियाँला हे वाढणं मोहवून गेलं. एखाद्या मापाला त्याच्या निम्म्याने वाढवायची युक्ती त्याने शार्ङ्गदेवाकडून घेतली आणि आयुष्यभर वापरली.

यावरून आपल्यातलं कोणी म्हणेल, पाहा, आमचं होतं, त्यांनी घेतलं. मला तसं म्हणवत नाही. मेसियाँने त्या काळात हे ताल कोणाच्या हातून ऐकले नव्हते, ते त्याला कागदावर भेटले. आणि खरं सांगायचं तर त्यांतले बहुतेक ताल आपल्याकडेही कागदावरच उरले होते. देवगिरीचं राज्य गेलं, मृदंगावरचे हात बदलले, चलनात दुसरे ताल आले. रागवर्धन आणि चंद्रकला पोथीत झोपून होते. ते जागे झाले ते सायलेशियाच्या बर्फात, मोडक्या पियानोवर. चुकीच्या संदर्भात झाले असतील, पण जागे झाले. याचा मला अभिमानापेक्षा आनंद वाटतो, आणि थोडी हुरहूरही, की दौलताबादच्या, म्हणजे त्याच देवगिरीच्या, किल्ल्यावर चढणाऱ्या आपल्या सहलींमध्ये शार्ङ्गदेवाचं नाव कोणी घेत नाही.

तर मेसियाँच्या स्वप्नात जे ओळखीचं आलं त्यात हे होतं. आधी घोकलेलं, मोजलेलं, बोटांवर धरलेलं. देवदूताचं इंद्रधनुष्य दिसलं त्याच रात्री लिहून काढता येणारी ही रचना नाही. शुमानला आपलं घोटलेलं ओळखता आलं नाही. मेसियाँने ते ओळखलं, सकाळी उठून कुदळ घेतली आणि नक्की कुठे उकरायचं हे त्याला माहीत होतं.

त्या रात्रीबद्दल पुढे खूप सांगितलं गेलं. मेसियाँ म्हणायचा, पाच हजार श्रोते होते. बराकीत काहीशेच माणसं मावत. तो म्हणायचा, चेलोला तीनच तारा होत्या. पास्किये म्हणायचा, चारही होत्या, तीन तारांवर ते वाजलंच नसतं. मला दोघांचंही खरं वाटतं. कैदेतली मैफल माणसाच्या मनात वाढत जाणारच. आकोका ज्यू होता. पुढे धावत्या आगगाडीतून उडी टाकून तो निसटला, तेव्हा क्लॅरिओनेट त्याच्या काखेत होतं.

आमचे मास्तर रात्री वाद्य उशाशी ठेवून झोपायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, रीड सुकू नये म्हणून. ते खरंही असेल. पहाटे देवळाकडे जाताना त्यांच्या खिडकीतून कधीकधी एकच स्वर ऐकू यायचा, फार हळू. तो लांब ओढायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी काय ऐकलं होतं आणि काय शोधत होते ते मी विचारलं नाही. तेव्हा मला वाटायचं, रियाज करतायत.

माळावर आकोकासाठी लिहिलेला तो तुकडा या रचनेचा तिसरा भाग झाला. नाव आहे 'पक्ष्यांची दरी'. दरी म्हणजे काळ, त्याचा थकवा आणि दुःख, आणि पक्षी म्हणजे उजेडाची ओढ, असं मेसियाँने लिहून ठेवलं आहे. त्याला पियानो लागत नाही, चेलो लागत नाही, एकटं क्लॅरिओनेट पुरतं. म्हणून तो आज इथे वाजू शकतो. मास्तरांच्या नातवाने तो सहा महिने बसवला आहे, आणि वाद्य मास्तरांचंच आहे.

सुरुवात संथ आणि उदास आहे, कंटाळू नका. मध्ये एक लांब स्वर येईल. तो सुरू होईल तेव्हा ऐकू येणार नाही आणि मग वाढत वाढत जितका मोठा होऊ शकतो तितका मोठा होईल. त्यानंतर पक्षी येतील. माझी एकच विनंती आहे. वर फिरणारे हे पंखे दहा मिनिटं बंद करा, आणि दाराशी बसलेल्यांनी दार लावून घ्या.